ओघळ वर चढत नाही

माझा दादा गेला त्याला महिना झाला. टाइल बसवायचा तो. तीस वर्षं बसवल्या, मग गुडघे गेले, म्हणून कॉलेजच्या म्युझियममध्ये स्क्रू मारायला, काचेची कपाटं हलवायला लागला. कायम नव्हता. कधीही उद्यापासून येऊ नका म्हणाले असते.

कुणाच्या घरी गेला की आधी पायानं फरशी ठोकून बघायचा. पोकळ आहे म्हणायचा. पाहुणे ओशाळायचे. वहिनी म्हणायची, ह्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. हा म्हणायचा, अगं घडा पालथा आहे हे मला कळतं तरी.

तर त्या कॉलेजच्या पोरापोरींनी जुन्या इस्लामी कलेचं प्रदर्शन मांडलं. सगळं त्यांनीच. मशिदीतले दिवे, सोनेरी अक्षरांची पानं, आणि मधोमध एक निळी टाइल, सहाशे वर्षांची, वेलीची. त्यांतल्या एका मुलीकडे सगळी जबाबदारी होती, दादा तिला मोठ्या बाई म्हणायचा, वय वीस. तिनं जुन्या रजिस्टरातला फोटो बघून सांगितलं, अशी लावा. दादानं लावली. पण जेवायला घरी आला तो नुसता घास चिवडत बसला. मी विचारलं, काय झालं रे?

म्हणाला, "टाइल उलटी आहे."

"मग सांग की."

"शिकलेली माणसं आहेत. मी कोण सांगणार? काम जाईल."

"आणि उलटीच राहिली तर?"

"उद्या उद्घाटन आहे," म्हणाला, आणि ताट तसंच सोडून उठला.

गेला परत. तिथे त्यांच्या सरांसमोरच त्या मुलीला म्हणाला, बाई, ह्या टाइलच्या कडेला चुना वाळलाय बघा. भिंतीत बसवताना ओघळलेला. ओघळ खाली येतो, वर चढत नाही. सर म्हणाले, "मिस्त्री, फोटो साठ वर्षं जुना आहे." दादा म्हणाला, "सर, चुना त्याहून जुना आहे."

मुलगी हसली. मग एकदम पळाली आणि आतल्या खोलीतनं दुसऱ्या एका तुटक्या टाइलचा तुकडा घेऊन आली. कुठेच जुळत नाही म्हणून बाजूला ठेवला होता. दादानं टाइल फिरवली, तिनं तुकडा खाली धरला. वेलीचं पानाला पान जुळलं. साठ वर्षं फोटोच उलटा! सर म्हणे दादाच्या पाया पडायचे बाकी राहिले, पण हे दादा सांगायचा, दहातलं पाच धरा.

दुसऱ्या दिवशी मला आणि वहिनीला घेऊन गेला. टाइलखाली पाटी होती. "वाच," म्हणाला. मी चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचलं. या टाइलची वरची बाजू कोणती हे आमच्या मिस्त्रीकाकांनी ओळखलं. म्हणाला, परत वाच. तीनदा वाचायला लावलं. मागे लोकं खोळंबलेली, याला पर्वा नाही. नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा अजून दिसत होत्या.

प्रदर्शन संपलं, मग दादाही गेला. परवा ती मुलगी घरी आली. म्हणाली, काकांनी बोलायची हिंमत केली नसती तर आम्ही उलटंच दाखवलं असतं सगळ्यांना. पाटी वहिनीच्या हातात दिली.

वहिनीला वाचता येत नाही. तिनं ती छातीशी धरली, मग डोळ्यांसमोर धरली, उलटीच.

मी ती फिरवून सरळ दिली.