उजवा कान वर

ज्या माणसाचा गळा धरावासा वाटतो त्यालाही आमच्या बेळगावात 'अण्णा' म्हणूनच हाक मारावी लागते. कित्येक वर्षं मी त्या माणसाला मनात शिव्या घालत होते आणि तोंडानं 'या अण्णा, बसा अण्णा' करत होते. राग गिळणं म्हणजे काय असतं ते मी या एका शब्दामुळं शिकले.

अण्णा म्हणजे आमच्या विमानवाल्यांच्या टोळक्याचे पुढारी. पेशानं वकील. दर रविवारी सकाळी पिरनवाडीपलीकडच्या पडीक रानात आम्ही काहीजण रिमोटवरची मोठी विमानं उडवतो. खेळणी म्हणू नका. दोन माणसं हात पसरून शेजारी शेजारी उभी राहिली तर जेवढी जागा व्यापतील तेवढे पंख, पेट्रोलवरचं इंजिन, आणि पंखा फिरायला लागला की गवत आडवं पडतं. असलं विमान उडतं थोडा वेळ आणि दुरुस्तीला असतं बाकीचा सगळा आठवडा. इंजिनाच्या थरथरीनं स्क्रू ढिले होतात, पेट्रोल झिरपून पुढची प्लाय मऊ पडते, आतल्या बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्यांना बाहेरून न दिसणारी चीर जाते. ती चीर नखानं टकटक करत आवाजावरून शोधायची, वरची प्लॅस्टिकची फिल्म सोलायची, सांधा भरायचा, मग नवी फिल्म घालून छोट्या इस्त्रीनं ताणून बसवायची. शाळेत विज्ञान शिकवून घरी आले की मला हेच काम आवडतं. नवऱ्याच्या शर्टांना मी इस्त्री करत नाही, विमानांना करते.

हे सगळं मला आप्पांनी शिकवलं. आप्पा म्हणजे माझे वडील. घरची थोडी शेती होती, शिवाय फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी साचे, म्हणजे पॅटर्न, करायची नोकरी. निवृत्त झाल्यावर अनगोळच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत ते माझ्याबरोबर विमानं जोडायला लागले. विमानाला ते 'इमान' म्हणायचे. पंखांच्या मागच्या कडेला ज्या हलणाऱ्या फळ्या असतात त्यांना त्यांनी 'कान' असं नाव दिलं, कारण त्या बैलाच्या कानासारख्या वरखाली होतात. हळूहळू सगळं टोळकंच कान म्हणायला लागलं. उजवीकडं वळायचं तर उजवा कान वर आणि डावा खाली, एवढाच नियम. उडवण्याआधी एकानं रिमोटची काडी हलवायची आणि दुसऱ्यानं मागं वाकून, हात पसरून, दोन्ही कानांच्या आतल्या टोकांवर बोटं ठेवून ते बरोबर हलतायत का ते बघायचं. या तपासणीला आमच्यात 'कान धरणं' म्हणतात.

अण्णांना हा शब्दच आवडायचा नाही. वकील माणूस, चारचौघांत वाकून कान धरणार? ते म्हणायचे, रिमोटवर सगळं सेट असतंय, कशाला पोरखेळ.

आप्पा आणि मी मिळून आमचं पहिलं मोठं विमान केलं, पिवळ्या पंखांचं. पंखाचा मुख्य सांधा आप्पांनी स्वतःच्या हातानं भरला. मला डिंक कालवूसुद्धा दिला नाही. निपाणीच्या एका मैदानावर कार्यक्रम होता, मांडव, माईक, प्रमुख पाहुणे, सगळं. विमान मीच उडवणार होते. पण अण्णांनी माझ्या हातातनं रिमोट काढून घेतला.

"बाजूला व्हा बाई. पहिलं उड्डाण हाय, बाईमाणसाच्या हाताला वारं कळत न्हाय."

मी बाजूला झाले. त्याची चीड मला आजही येते, आणि ती अण्णांपेक्षा स्वतःचीच जास्त येते. पंखसुद्धा अण्णांनीच चढवले आणि कान हलवणाऱ्या आतल्या तारा त्यांनीच जोडल्या. मी आणि आप्पा दोरीपलीकडं लोकांत उभे. आप्पा तिथनं म्हणाले, "अण्णा, एकदा कान धरून बघूया की."

अण्णा माईकजवळच होते. "आप्पा, मी कुणाचं कान धरत न्हाय आणि कुणाला माझं धरू देत न्हाय!"

लोक खो खो हसले. पाहुणेही हसले.

विमान पळालं, जमीन सुटली, वाऱ्यानं एक पंख जरा कलला. अण्णांनी सावरलं तसा तो अजून कलला. अजून सावरलं, अजून कलला. मग विमान सरळ उलटं झालं आणि नाकावर पडलं. पिवळे तुकडे मैदानभर उडाले. मी पळत गेले तोवर माईकवरनं आवाज आला, "पंखाचा सांधा सुटला मंडळी. दोष इमानाचा न्हाय, काम करणाऱ्याचा. बाईंनी इस्त्री झकास मारलीया, डिंक लावायचं तेवढं राहून गेलं!"

परत हशा. आणि त्या हशात आप्पा उभे होते, हातात पाण्याची बाटली धरून. तो सांधा त्यांचा होता.

सांधा सुटला नव्हता. मी तो तुकडा उचलला तेव्हाच मला दिसलं, लाकूड सांध्याच्या शेजारी फाटलं होतं आणि सांधा जसाच्या तसा होता. पण मग विमान पडलं कशानं, ते मला सांगता येईना. तारा आपटण्यात तुटून बाहेर आल्या होत्या. मी ओरडून सांगितलं, कुणी ऐकलं नाही. घरी येऊन आप्पांना तो तुकडा दाखवला, तर त्यांनी तोंड फिरवलं. म्हणाले, "माझाच हात हलला असंल गं. वय झालंया." त्यानंतर त्यांनी डिंकाला हात लावला नाही. पत्र्याच्या खोलीतही यायचे बंद झाले. मी एकटी काम करत बसले की दारातनं विचारायचे, जेवलीस का, आणि परत जायचे.

अण्णांनी माझं विमान मोडलं त्याचं मला तेवढं नाही. विमानं मोडतातच. पण त्यांनी माझ्या बापाचा हात मोडला, तोही माईकवरनं, लोकांना हसवण्यासाठी. त्या दिवसापासून टोळक्यात माझं नाव 'इस्त्रीवाली' पडलं. मी सगळ्यांची विमानं दुरुस्त करत राहिले, कारण मला संधी हवी होती आणि संधी तिथंच मिळणार होती. पॉलिश पेपर घासताना मी अण्णांचं तोंड समोर आणायची. लाकूड इतकं गुळगुळीत व्हायचं की लोक कौतुक करायचे.

मग एके दिवशी चिकोडीजवळ अण्णांचं स्वतःचं विमान उतरताना चरीत गेलं. लाल, परदेशी किटचं, त्यांचा जीव की प्राण. चाकं आत घुसलेली, एक पंख मुळापाशी दुभंगलेला. चार ठिकाणी फिरवून शेवटी ते व्हॅनमधनं माझ्या दारात आले.

"इस्त्रीवाल्या बाई, तुमच्याबिगर हे कुणाच्यानं व्हायचं न्हाय."

"आणा की अण्णा," मी म्हटलं. आतनं उकळ्या फुटत होत्या. "एकच अट हाय. बरं झाल्यावर पहिल्यांदा निपाणीलाच उडवायचं. त्याच मैदानावर. लोकं बोलवून."

अण्णा खूश झाले. त्यांना वाटलं मी त्यांचा मान वाढवतेय.

मी ते विमान असं दुरुस्त केलं की तसं माझं स्वतःचंही केलं नसतं. फाटलेलं लाकूड तिरकं कापून नवं चढवलं, डिंक भरला, दाबून ठेवला. आणि लाल पंखावर त्या सांध्यापुरती मी मुद्दाम पारदर्शक फिल्म घातली. खिडकीच म्हणा. सांधा जगाला दिसला पाहिजे. विमान उडवून उतरवायचं, मग माईक हातात घ्यायचा आणि सांगायचं, हा सांधा ज्या हातांनी केला त्यांना ज्यांनी शिकवलं, त्यांच्यावर तुम्ही हसला होता. एवढाच माझा सूड होता.

विमानाच्या पोटातल्या दोन तारांवर मी 'उ' आणि 'डा' लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. या तारा दोन पंखांतनं येणाऱ्या तारांना जोडायच्या असतात, 'उ' उजव्या पंखाला आणि 'डा' डाव्या. त्या विमानात, आमच्या पिवळ्यासारखीच, बसवणी अशी आहे, की उजव्याचा हुकूम डाव्याला गेला तर दोन्ही कान उलटे हलतात. उजवा म्हणजे विमानाचा उजवा. औताला बैल जुंपलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तो बैलाच्या मागं उभा असतो, त्याचा उजवा तोच बैलाचा उजवा. आप्पांमुळं मला दुसरं काही सुचतच नाही.

निपाणीला मैदान तेच होतं, माईकही तोच असावा. लोक दोरीमागं, समोर तंबाखूचं पीक निघालेलं मोकळं रान. मी पंख चढवले, बोल्ट आवळले. तारा जोडणार तेवढ्यात अण्णा पुढं आले. लोक मोबाइलवर चित्रण करत होते ना. विमानाच्या तोंडासमोर उभं राहून, कॅमेऱ्याला चेहरा दिसेल असं वाकून, त्यांनी 'उ'ची तार घेतली आणि स्वतःच्या उजव्या हाताच्या पंखाला जोडली.

मी बघत होते. त्यांचा उजवा म्हणजे विमानाचा डावा.

पिवळं विमानसुद्धा त्यांनी असंच तोंडासमोर उभं राहून जोडलं होतं, पाहुण्यांकडं तोंड करून. कलला तसा सावरला, सावरला तसा अजून कलला. इतकी वर्षं जे कळत नव्हतं ते अण्णांनी माझ्या डोळ्यांदेखत करून दाखवलं.

मी दोरीमागं आले, इंजिन सुरू झालं. मला फक्त गप्प बसायचं होतं. त्यांचं विमान, त्यांची चूक, आणि समोर रान मोकळं. ते लाल धूड उलटं होऊन नाकावर पडताना मी मनातल्या मनात बघितलंसुद्धा, आणि फार बरं वाटलं.

मग पुढचं दिसलं. अण्णा माईककडं जाणार आणि म्हणणार, इस्त्रीवालीचा सांधा सुटला. तारा परत तुटलेल्या असणार. परत हशा.

"अण्णा! इंजिन बंद करा!"

मी इतक्या जोरात ओरडले की त्यांनी बंद केलंच. मी दोरीतनं आत गेले आणि त्यांच्या हातातनं रिमोट काढून घेतला, जसा त्यांनी माझ्या हातातनं घेतला होता तसाच.

"अण्णा, कान धरा."

"काय?"

माईकवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं माईक आमच्या जवळ आणला. तो भला माणूस. "कान धरा अण्णा," मी माईकवर म्हटलं. "इमानाचं. तपासायचं हाय."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? अण्णा पंखामागं गेले, वाकले, हात पसरले आणि दोन्ही कानांवर बोटं ठेवली. लोक हसायला लागले. मी काडी उजवीकडं ढकलली.

"कुठला कान वर आला अण्णा?"

डावा कान त्यांच्या बोटाखाली ताठ वर आला होता. पुढच्या रांगेतल्यांना दिसत होता, मोबाइलवाल्यांना दिसत होता. टोळक्यातल्या सगळ्यांना त्याचा अर्थ कळत होता. हसू थांबलं.

"माझ्या आप्पांचं इमान बी तुम्ही असंच जोडलंत. तोंडासमोर उभं ऱ्हाऊन. व्हय का न्हाय?"

ते वाकलेलेच होते. कान सोडावेत की धरून ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. "व्हय," ते म्हणाले. "तसंच जोडलंतं. पण आक्का, मला बी आत्ताच उमगतंया."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला आक्का म्हटलं. माझा राग त्यानं कमी झाला नाही, उलट वाढला. 'आत्ताच उमगतंया' हे खरं असेलही. पण सांधा सुटला हे मात्र त्यांना तेव्हा लगेच उमगलं होतं.

मी पंखाचे बोल्ट काढले आणि पर्समध्ये टाकले. "आज उडवायचं न्हाय. बोल्ट पायजे असतील तर आमच्या घरी यायचं. आप्पांना सांगायचं आणि घेऊन जायचं."

संध्याकाळी अण्णा आले. आप्पा सोफ्यावर टीव्हीसमोर बसले होते. त्यांना हल्ली नीट दिसत नाही. अण्णांनी सगळं सांगितलं, तारा, तोंडासमोर उभं राहणं, माईक. वकील असून एक शब्द फिरवला नाही, हे कबूल करते. सांगून झालं आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःच्या कानाच्या पाळ्या धरल्या.

आप्पांनी मला विचारलं, "काय करतोय त्यो?"

"कान धरलंय आप्पा."

आप्पांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "उजवा कुठला त्ये आदी बघून घे म्हणावं."

मी इतकी हसले की डोळ्यांतनं पाणी आलं. अण्णा हसले नाहीत. बोल्ट घेऊन, चहा अर्धा टाकून गेले. अजून ते दर रविवारी भेटतात आणि मी 'या अण्णा' म्हणते. माफ केलेलं नाही, करणारही नाही.

दार लावून मी आत आले तर आप्पा पत्र्याच्या खोलीत होते. कपाटातला तो पिवळा तुकडा त्यांनी चाचपून शोधून काढला होता. अंगठा सांध्यावरनं एकदा फिरवला, मग तुकडा दोन्ही हातांत धरून जोर लावून पिळला, परत पिळला.

"धरलंय की गं अजून," आप्पा म्हणाले.