वरचे आणे

१९४४च्या उन्हाळ्यात पुसेगावच्या एका दुकानदाराने वाशीमच्या प्रवाशाला प्रथमच रास्त हिशेबाने पैसे परत दिले. त्याच संध्याकाळी तो प्रवासी देवळाच्या ओसरीत मेला.

तो आणि मी दोघेही वऱ्हाडातले, म्हणजे पुसेगावात, निजामाच्या मुलखात, परके. आमचा इंग्रजी कलदार रुपया तिथल्या हाली रुपयापेक्षा मोलाने जास्त. तरी हा दुकानदार परक्याचा कलदार हालीच्या बरोबरीने घेई. फरकाचे वरचे आणे फक्त गावच्या माणसाला मिळत. बोलताना तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नव्हे, पायांकडे बघे.

त्या दुपारी मी दुकानातच होतो.

"त्याला काहून दिले, शेटजी?"

"तो आता हितलाच. आता कुठं जातोय?"

पुढच्या खेपेला मी गूळ घेऊन कलदार टाकला. त्याने माझ्या पायांकडे पाहिले आणि वरचे आणे पुढे केले.

"मी वऱ्हाडातला आहे."

"व्हय, ठाऊक हाय. घ्या."

"नेहमीसारखं लुटा की."

"न्हाई. बराबर हाय."

तो हसला नाही. आणे तिथेच सोडून मी बैलगाडीत बसलो. गाव मागे पडल्यावर गाडीवानाने तेवढेच आणे माझ्या हातावर ठेवले. मी दुकानात शिरण्याआधीच दुकानदाराने ते त्याच्याकडे देऊन ठेवले होते.