गच्चीवरचा तपासनीस

कपबश्यांच्या कारखान्यात अडतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, आणि ते म्हणजे कप फोडणं. दर पन्नास कपांमागे एक उचलायचा, त्यात उकळतं पाणी ओतायचं, लगोलग गार पाणी ओतायचं, पेन्सिलीनं टकटक करून कानाशी धरायचा, आणि एवढं सोसूनही तो तगलाच, तर आतून नीट भाजलाय की नाही हे बघायला फोडायचा. या कामाला पगार होता, टेबल होतं आणि तपासनीस असा हुद्दाही होता. कारखान्यात मात्र सगळे त्यांना ‘नापास’ म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

त्यांच्या घरात एकही धड कप नव्हता. बाद झालेला माल कामगारांना फुकट नेता येई, आणि सर्वांत जास्त माल बाद करणाऱ्याच्या घरी तो सर्वांत जास्त येई, हे ओघानंच आलं. कुणाचा कान वाकडा, कुणाच्या बुडाला टेंगूळ. त्यांच्या बायकोला शेजारीपाजारी तपासनीसबाई म्हणत. बाई लग्न झाल्यापासून त्याच कपांतून चहा पीत आल्या होत्या. आपण स्वतः या माणसाच्या तपासणीत पास झालो की काय झालो, असा प्रश्न त्यांना अधूनमधून पडे. त्यांनी तो कधी विचारला नाही, कारण नवरा खरं उत्तर देईल याची त्यांना खात्री होती.

निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं त्यांना बारा कपांचा सेट भेट दिला. त्यांनी तो समारंभातच एकेक करून वाजवून पाहिला आणि दोन कप परत केले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणालाच कळेना.

मग ते घरी आले आणि खिडकीशी बसले. सहा महिने बसले. आंघोळ दुपारी एकला, दाढी चार दिवसांतून एकदा, आणि हातातलं वर्तमानपत्र कधीकधी उलटं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हृदय तपासलं, डोळे तपासले आणि सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. बाईंना तेच भयंकर वाटलं. काही निघालं असतं तर गोळ्या तरी मिळाल्या असत्या. रोज सकाळी त्या खिडकीकडे बघत आणि त्यांना वाटे, की हा माणूस असाच बसल्या बसल्या संपणार.

आणि एके दिवशी वर्तमानपत्र सुलटं असताना तपासनिसांच्या वाचनात आलं, की सुज्ञ माणसानं आपलं अन्न आपल्या घरीच पिकवावं. ते खुर्चीतून ताडकन उठले.

“अगं, ही बाजारातली भाजी कोण तपासतं?”

“कुणी नाही,” बाई म्हणाल्या. “आम्ही आपली नुसती खातो.”

दुसऱ्या दिवशी सहाला आंघोळ, दाढी, इस्त्रीचा सदरा. खिशाला पेन्सिल. इमारतीच्या गच्चीवर त्यांनी फुटक्या बादल्या, रंगाचे रिकामे डबे आणि पोती मांडली, मातीच्या गोण्या खांद्यावरून चढवल्या आणि संध्याकाळी जाहीर केलं, की सहा महिन्यांत हे घर बाजारावर पाणी सोडेल. तोवर भाजी विकत आणायला तात्पुरती परवानगी होती. ही तात्पुरती परवानगी पुढे दहा महिने चालली.

सुरुवात घेवड्यानं झाली. पंचवीस बिया पेरल्या. रोज सकाळी त्यांतली एक बी उकरून काढायची, भिंगाखाली धरायची, कोंब किती आला ते मोजायचं. उकरलेली बी परत पेरायची नाही, कारण तपासलेला नमुना मालात पुन्हा मिसळायचा नसतो, असा कारखान्याचा नियम होता. पंचविसाव्या दिवशी घेवड्याचा विषय संपला. बियाणं सदोष होतं, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

मुळ्यांची लांबी बघण्यासाठी ते मुळे पानांना धरून वर ओढत आणि पुन्हा खाली ढकलत. हा व्यायाम मुळ्यांना मानवला नाही. टोमॅटो घट्ट आहे की नाही हे ते रोज अंगठा दाबून बघत. त्या टोमॅटोंवर इतके ठसे होते की पोलिसांना उपयोग झाला असता. एक वांगं मात्र कसंबसं धरलं. त्याला पेन्सिलीनं टकटक करून त्यांनी कान लावला आणि भरीव वाजतंय म्हणून समाधान व्यक्त केलं. वांग्यानं भरीव वाजावं की पोकळ, हे जगात कुणालाच ठाऊक नाही. दोन दिवसांनी ते वांगं कुणाचंही मत न विचारता गळून पडलं. दोष कबुतरांचा निघाला.

बाईंना दुसऱ्याच आठवड्यात सगळं समजलं होतं. पण नवरा सहाला उठत होता, जिना चढताना शीळ घालत होता, जेवताना ‘आणखी वाढ’ म्हणत होता. तेव्हा त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. एकदाच काय तो धीर करून बोलल्या.

“अहो, झाडांना जरा एकटं सोडून बघा की.”

“भट्टीवालाही हेच म्हणायचा,” तपासनीस म्हणाले. “भट्टी लागलेली असताना दार उघडू नकोस म्हणे.”

“मग तुम्ही उघडायचात?”

“उघडू देतोय कुठला. अडतीस वर्षांत एकदाही नाही.”

हे त्यांनी इतक्या दुःखानं सांगितलं, की बाईंना त्यांची कीव आली. अडतीस वर्षं दाबून ठेवलेली हौस आता बिचाऱ्या भाज्यांवर भागवली जात होती.

त्यात बटाट्याचं पोतं म्हणजे तर दार बंद केलेली भट्टीच. दर सोमवारी बाह्या सरसावून ते त्यात कोपरापर्यंत हात घालत आणि आत काय चाललंय ते चाचपून बघत. वरची पानं पिवळी पडली, तेव्हा पीक तयार होत आल्याचं ते चिन्ह आहे असं त्यांनी ठरवून टाकलं.

आणि नेमका तो भट्टीवाला त्यांना न्हाव्याच्या दुकानात भेटला. अजूनही भट्टीवर मुकादम होता हा माणूस. त्याचा निम्मा माल तपासनिसांनी आयुष्यभर बाद केलेला.

“काय नापास, शेती करतोस म्हणे? काही पास झालं का?”

दाढीला साबण लावलेल्या माणसानं अशा वेळी गप्प बसावं. तपासनीस म्हणाले, “पुढच्या रविवारी जेवायलाच ये. वहिनींनाही आण. बटाट्याचं पोतं तुझ्यासमोर उघडतो, आणि तेच खायला घालतो.”

घरी येऊन त्यांनी हे अभिमानानं सांगितलं. बाईंना पुढचं सगळं दिसलं. पोत्यातून माती निघाली, तर भट्टीवाला हसणार, सोमवारी सकाळी सगळा कारखाना हसणार, आणि हा माणूस पुन्हा खिडकीशी जाऊन बसणार. या खेपेला तो उठेल असं त्यांना वाटत नव्हतं.

शनिवारी तपासनीस केस कापायला बाहेर पडले, तेव्हा बाई गच्चीवर गेल्या आणि पोत्यात हात घातला. चार बटाटे हाताला लागले. गोट्या खेळायला बरे पडले असते. बाईंनी ते होते तिथेच ठेवले, हात धुतले आणि पिशवी घेऊन तडक बाजार गाठला.

बटाट्यांच्या ढिगाशी त्या अर्धा तास बसल्या. उचलायचा, फिरवून बघायचा, परत ठेवायचा.

“बाई, एवढं निरखून बघताय, मुलगा पसंत करताय का?” भाजीवाली म्हणाली.

बाईंना ऐकूच आलं नाही. वाकड्या कानाच्या कपातून आयुष्यभर चहा प्यायलेल्या बाईला आज पहिल्यांदाच निवडायला मिळत होतं. एकाला डाग नको, दुसऱ्याला डोळा नको. त्यांनी बारा बटाटे घेतले, जिने चढून नेले, मातीत लोळवून पोत्यात खोल पुरले आणि वरून तळव्यानं दाबून सारखं केलं. काम चोख झालं होतं.

रविवारी भट्टीवाला बायकोला घेऊन आला. सगळे गच्चीवर गेले. तपासनिसांनी पोतं चिरलं आणि माती पसरली.

बटाटे निघाले. एक, दोन, पाच, नऊ, बारा. तपासनिसांनी सवयीप्रमाणे ते पुसले आणि कठड्यावर सहा-सहाच्या दोन ओळींत मांडले, आणि मांडल्यावर बाईंना आपली चूक दिसली. बाराही बटाटे एका मापाचे होते, एका रंगाचे, एकालाही खोट नाही. बाईंनी बटाटे आणले नव्हते, बारा नगांचा सेट आणला होता. मरायला टेकलेलं रोप असला सेट देत नाही हे कुणाही शहाण्याला कळलं असतं, आणि इथं तर तपासनीस होते.

त्यांनी एक उचलला. पेन्सिलीनं वाजवला. बाईंकडे त्यांनी पाहिलंही नाही. मग खाली वाकून उरलेल्या मातीत बोटं फिरवली, काहीतरी उचलून खिशात टाकलं आणि म्हणाले, “चला जेवायला.”

जेवायला उकडलेले बटाटे होते, लोणी होतं, मीठ-मिरी होती. भट्टीवाल्यानं तीन संपवले.

“मानलं बुवा,” तो म्हणाला. “नापासनं जन्मात एक तरी माल पास केला.”

तपासनिसांनी चमचा खाली ठेवला. बाईंनी मनातल्या मनात हात जोडले.

“माल पास आहे,” तपासनीस म्हणाले. “एकसारखा आहे, निर्दोष आहे. पण तो आपला नाही.” त्यांनी खिशात हात घातला आणि त्या चार गोट्या ताटलीत ठेवल्या. “आपला माल हा.”

भट्टीवाल्यानं गोट्यांकडे पाहिलं आणि तो हसत सुटला. ठसका लागेपर्यंत हसला. त्याच्या बायकोनं त्याला पाणी दिलं आणि बाईंना म्हणाली, “वहिनी, तेही उकडा की. बरोबर चार आहेत.”

बाईंनी ते उकडले. प्रत्येकाच्या वाट्याला एक आला. बाईंचा आत टणक राहिला होता. भट्टीवाल्याचा एका बाजूनं हिरवा होता. त्यानं ती बाजू कापून टाकली आणि उरलेला तोंडात घालून डोळे मिटले.

“कच्चा आहे,” तो म्हणाला. “दार उघडत होतास ना रे?”

“हो,” तपासनीस म्हणाले.

अडतीस वर्षांत या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. भट्टीवाल्याला ते इतकं अनपेक्षित होतं, की तो पुढे हसायचं विसरला आणि त्यानं लोणी मागितलं.

पाहुणे गेल्यावर बाई भांडी घासायला बसल्या. तपासनीस फडकं घेऊन शेजारी आले. भांडी पुसायला ते याआधी कधी आले नव्हते.

“का केलंस?”

“तुम्ही परत त्या खिडकीशी बसाल म्हणून,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. “तिथं बसलेल्या माणसाला मी ओळखत नव्हते. सहा महिने तुम्ही माझ्याशी धड भांडलासुद्धा नाहीत. त्यापेक्षा तुम्ही शंभर घेवडे मारा, मी बाजारातून आणीन. जन्मभर आणीन.”

तपासनिसांनी एक कप पुसला, मग दुसरा. मग तिसरा.

“मला राहवत नाही गं,” ते म्हणाले. “आत काय चाललंय ते कळलंच नाही, तर मी करू काय?”

बाईंनी चौथा कप पुढे केला.

सोमवारी सहाला ते उठले. दारात जाऊन थांबले आणि म्हणाले, “तूही चल.” दोघांनी मिळून पंचवीस बिया पेरल्या. मंगळवारी दोघं गेली, पाणी घालून परत आली. बुधवारी पाणी घालून झालं, झारी खाली ठेवली, आणि तपासनिसांचं बोट आपोआप मातीकडे निघालं. बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

“नुसतं बघतो,” ते म्हणाले.

“कधी बघायचं ते मी सांगेन.”

त्यांनी हात सोडवून घेतला नाही.