डावा सुळा

कवळ्या करणाऱ्या माणसाला तोंडं लक्षात राहतात, चेहरे नाहीत. काकांचं तसंच होतं. अडतीस वर्षं त्यांनी कारखान्यातल्या खिडकीपाशी, त्याच टेबलावर, प्लास्टरच्या साच्यांवर एकेक दात बसवला. शेजारी रस्त्यात भेटला तरी तो हसेपर्यंत त्यांना ओळख पटायची नाही. बायको म्हणायची, "मला तरी ओळखता ना, की जांभई देऊन दाखवू?"

एका सकाळी मालकीणबाईंनी बोलावलं. जुन्या मालकांची ही मुलगी लहानपणी काकांच्याच टेबलाखाली खेळलेली.

"काका, बाहेरगावच्या डॉक्टरांची तक्रार आहे. वरची कवळी बोलताना शीळ घालते म्हणे. नजर दमलीय तुमची. उद्यापासून पॅकिंग बघा."

"आधी कवळी बघतो, मग काय ते बोल."

"जा, बघून या. पण चूक तुमची निघाली तर टेबल सोडायचं. मग रुसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी काका त्या डॉक्टरांच्या गावी जायला गाडीत बसले. वर्तमानपत्र नुसतंच तोंडापुढे धरलेलं. दोन स्टेशनं गेली आणि एक बाई चढल्या.

"सरकता का जरा?" त्या म्हणाल्या, आणि बारीक शीळ वाजली.

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. बाईंचा डावा सुळा किंचित आत वळलेला होता. त्यांनीच बसवलेला! साच्यासोबत चिठ्ठी होती, सुळा पहिल्यापासून असाच होता, तसाच ठेवा. एवढ्या मोठ्या गाडीत बाई नेमक्या याच बाकावर का आल्या? इथला पंखा चालू होता म्हणून, दुसरं काही नाही.

"बाई, रागावू नका. तुमचा हा सुळा आधीपासून असाच होता?"

"ही काय चौकशी झाली? माझे दात शेवटपर्यंत सरळ होते. वाकडा सुळा आमच्या थोरल्या बहिणीचा."

"ही कवळी मी केलीय."

"तुम्हीच का ते! तुमच्याच नावाने ओरडायला डॉक्टरांकडे चाललेय. पहिले चार दिवस झकास होती, मग ही शीळ."

"थोरलीलाही कवळी आहे?"

"एकाच दिवशी बसवल्या. एकत्रच राहतो आम्ही."

"काढून कुठे ठेवता?"

"बेसिनवर, दोन वाट्यांत..." बाई थांबल्या. वाट्या एकसारख्या होत्या, आणि दात लावताना दोघींच्याही डोळ्यांवर चष्मा नसे.

"थोरली काही बोलली नाही?"

"तीन आठवडे तोंडच उघडलं नाही तिने. मला वाटलं, राग धरून बसलीय. मग मीही नाही बोलले."

पुढच्याच स्टेशनवर दोघं उतरली आणि उलट गाडीने बाईंच्या घरी गेली. परक्या कवळीने थोरलीच्या हिरडीला फोड आला होता, बोललं की दुखायचं. काकांनी कवळ्या धुतल्या, अदलाबदल केली. धाकटी "सरकता का, सरकता का" म्हणत घरभर फिरली. शीळ गेली होती. थोरलीने आरशात आपला सुळा पाहिला आणि वळली.

"तीन आठवडे माझे दात घालून हिंडलीस, भवाने! आणि विचारायला काय झालं होतं तुला?"

काकांनी मालकीणबाईंना फोन लावला आणि साक्ष द्यायला थोरलीच्या हातात दिला. वीस मिनिटं तो परत मिळाला नाही.

दुसऱ्या सकाळी टेबलावर आदल्या दिवशी रचलेली पॅकिंगची खोकी तशीच होती. काकांनी ती उचलून जमिनीवर ठेवली. मालकीणबाईंनी आपल्या केबिनच्या काचेतून पाहिलं, आणि नवा साचा आणून टेबलावर ठेवला.