गेला की गेली

मराठी व्याकरणाच्या बाबतीत मी घरातला हेडमास्तर होतो. इथे परदेशात, स्टॅनमोरला जन्मलेली, वाढलेली माझी मुलगी शब्दांच्या लिंगांचा पार बट्ट्याबोळ करायची आणि मी तिला वाक्याच्या मध्येच अडवून दुरुस्त करायचो. ती वैतागायची. मी काही सुधारलो नाही.

२००८च्या हिवाळ्यात ब्रॅकनेलच्या आमच्या ऑफिसने सगळ्या टीमला नारळ दिला. घरी सांगायची माझी छातीच होईना. तीन आठवडे मी रोज सकाळी टाय बांधून निघायचो आणि स्लाऊच्या लायब्ररीत जाऊन बसायचो.

तेव्हा मुलीला शाळेत दोन महायुद्धांमधली अमेरिका होती. परीक्षेची तयारी म्हणून ती मला एकेक धडा सांगायची, तोही मराठीत, कारण सक्ती माझीच. एका संध्याकाळी तिने मंदी काढली. बँका बंद पडल्या होत्या, लोक हवालदिल झाले होते आणि पायांनी अधू असलेला अध्यक्ष रेडिओवरून शेजाऱ्याशी बोलावं तसं साधं बोलला. लोकांना धीर आला. हे ती इतकं रंगून सांगत होती की मी ऐकतच राहिलो. काय माणूस असेल तो! सगळ्या देशाशी बोलला. मला इथे बायको आणि मुलगी, दोघींना सांगता येत नव्हतं.

"पण बाबा, काही लोक होते ना, त्यांनी फॅमिलीला सांगितलंच नाही. रोज सूट घालून बाहेर जायचे, दिवसभर पार्कमध्ये बसायचे. सो सॅड, ना?"

मी चहाच्या कपात बघत राहिलो. जरा जास्तच वेळ. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"बाबा, तुमचा नोकरी गेला?"

"तुमची. आणि गेला नाही, गेली," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं, मी काय बोललो ते. कान तापले. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं.

सोळा वर्षांची पोर. रडली नाही, एवढे दिवस का लपवलंत म्हणून विचारलंही नाही. तिने वही मिटली आणि माझा हात धरून मला उठवलं.

"चला, आईला सांगू या," ती म्हणाली. "आपली नोकरी गेली."