आज पक्षी लवकर उठले गं

मी दर रविवारी एका माणसाला फसवत होते. त्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून जमलं.

अप्पांना जाऊन आज महिना झाला.

अप्पा म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, मेधाचे वडील. सातारा जिल्ह्यातले. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. मेधाची आई गेल्यावर तिने त्यांना इथे परदेशात आणलं, बुकित तिमाह भागातल्या तिच्या कॉन्डोत.

येताना त्यांनी तीन पुस्तकं आणली होती. तिन्ही माळरानावरच्या तित्तरांच्या शिकारीची.

तरुणपणी ते स्वतः शिकार करायचे. कायद्याने बंदी आली, बंदूक पोलिसांत जमा केली. पुस्तकं मात्र वर्षानुवर्षं वाचत राहिले. त्यांना नावाने नाही, रंगाने ओळखायचे.

तांबडं. हिरवं. आणि फाटकं.

मग डोळे बिघडले. "समोरच्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही," म्हणायचे. "काही लोकांच्या बाबतीत सोयीचंच आहे ते."

मीच म्हटलं, अप्पा, मी वाचून दाखवते. दर रविवारी, तीन वाजता.

कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती, हे मुद्दाम सांगतेय.

माझं आयुष्य वृत्तपत्राच्या डेस्कवर गेलं. इथेही एडिटिंगच करते. सोमवारच्या अंकाचा मजकूर, आमच्या भाषेत कॉपी, रविवारी सहाच्या आत पाठवायची असते. आजवर एकही डेडलाइन चुकवली नाही, असं मी न विचारता लोकांना सांगत आलेय.

तर तांबडं पुस्तक.

पहाटे माणूस आणि कुत्री माळावर निघतात. चालतात. पायमोज्यात कुसळं शिरतात. कुत्रीला वास लागतो. हरवतो. पुन्हा चालणं. ओढा येतो. माणूस टोपीत पाणी घेऊन कुत्रीला पाजतो. पुन्हा चालणं.

सहा पानं झाली तरी पक्षी नाही.

डेस्कवर असा मजकूर आला की आमचा हात आपोआप चालतो. बातमी कुठे आहे? पक्षी उठला, बार झाला, पक्षी पडला. ही बातमी. बाकीचं काप.

मी कापायला लागले.

आधी एखादा परिच्छेद. मग पान. मग दोन-दोन पानं एकदम उलटायची, आणि आवाज कळू नये म्हणून खोकायचं.

हो, मी खोकायचे.

पावणेपाचला बाहेर. सव्वापाचला बुओना व्हिस्टाला माझ्या घरी, लॅपटॉपसमोर.

एकदा अप्पा म्हणाले, "आज पक्षी लवकर उठले गं."

"हो ना अप्पा, नशीबवान शिकारी!"

ते हसले. "म्हणजे कुत्री फार दमली नसणार."

आणखी एका रविवारी मी वाचत असताना त्यांनी मध्येच विचारलं, "ओढा ओलांडला का आपण?"

"हो, मघाशीच."

"असं होय. माझं लक्ष नव्हतं बहुतेक."

त्यांचं लक्ष नव्हतं!

मेधा पोहे घेऊन यायची. "किती वेळ देतेस गं त्यांना. मला पोटच्या मुलीला जमत नाही."

मी पोहे खायचे.

तेराव्याला कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये आपल्यातली बरीच मंडळी आली होती. एका काकूंनी सगळ्यांसमोर माझा हात धरला. "त्यांचं शेवटचं वर्ष हिने गोड केलं." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला असेल.

निघताना मेधाने तिन्ही पुस्तकं माझ्या हातात दिली. "तूच ठेव. तुझ्याइतकी कोणी वाचली नाहीत."

लिफ्टपर्यंत तिची मुलगी इरा आली. सोळा वर्षांची. आधी या पुस्तकांना तिचा विरोध होता. "सो क्रूएल लाह, आजोबा!" असं इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणून खोलीतून उठून जायची.

ती म्हणाली, "मावशी, यू नो, तू गेलीस की आजोबा मला मिसिंग पार्ट सांगायचे."

"कसला मिसिंग पार्ट?"

"तू स्किप करायचीस ना, तो. वॉकिंग, रिव्हर, ऑल दॅट. त्यांना बाय हार्ट होतं."

लिफ्ट आली. मी आत गेले नाही.

"मला म्हणाले नाहीत कधी."

"म्हणाले, तिला ट्रेन पकडायची असते, तिला सांगू नकोस." मग म्हणाली, "माझा फेव्हरेट सेव्हन्थ चॅप्टर. तो रिकाम्या हाताने घरी येतो, दॅट वन. थ्री टाइम्स सांगितला मला."

तांबड्यातलं सातवं प्रकरण मी अख्खं गाळलं होतं. त्यात एकही बार होत नाही.

पाठ असलेली पुस्तकं माणूस दुसऱ्याकडून का वाचून घेतो? गोष्ट कळावी म्हणून नक्कीच नाही. त्यांना पुन्हा त्या माळावर चालायचं होतं, कोणाच्या तरी सोबतीने. आणि मी दर रविवारी त्यांना थेट बंदुकीच्या बारापाशी नेऊन उभं करत होते, कारण मला घरी जायचं होतं.

शिकारीची पुस्तकं म्हणून मनातल्या मनात मी नाकही मुरडायचे. मारलेला प्रत्येक पक्षी मात्र मीच ठेवला. कापलं ते सगळं जिवंत होतं.

मेधा, हे तुला फोनवर सांगायला हवं होतं. दोनदा नंबर लावला आणि कट केला. मंडळींनी माझं कौतुक चारचौघांत केलं, म्हणून हेही चारचौघांत सांगतेय. पोह्यांबद्दल सॉरी.

काल रविवार होता. तीन वाजता मी सातवं प्रकरण काढलं आणि मोठ्याने वाचलं. एकटीच होते. कुसळांसकट, ओढ्यासकट, एक ओळ न गाळता. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सहा वाजता ऑफिसचा फोन वाजत राहिला.

कॉपी उशिरा गेली.

अप्पा, ओढा आत्ता कुठे ओलांडलाय. कुत्री पाणी प्यायली. पक्षी अजून उठलेले नाहीत.

सावकाश जा.