निजामाच्या राजातला कागद

बारावीनंतर मला शिक्षिका होण्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत होता, फक्त जातीचा दाखला हवा होता. बाबा आणि मी जिवतीच्या डोंगरातून कचेरीत गेलो. कारकुनाने स्वातंत्र्याच्या काळातला पुरावा मागितला.

"साहेब, तवा आमच्या इथी निजामाचं राज होतं," बाबा म्हणाले.

"मग निजामाचा कागद आणा."

आठवडाभर खेटे घालून बाबांनी आदिलाबादहून, तेव्हाच्या आमच्या जिल्ह्याच्या गावाहून, आजोबांच्या शेताच्या उताऱ्याची नक्कल आणली. ती उर्दूत होती. राजुऱ्याच्या एका म्हाताऱ्या मौलवींनी ती मराठीत उतरवून दिली. आजोबांचं नाव, जात, सगळं त्यात होतं.

"हे भाषांतर सरकारी नाही. चालत नाही," कारकून म्हणाला.

"सरकारी मानूस कुठी भेटन, साहेब?"

"ते मले नाई माहीत."

मला राहवलं नाही. "देश स्वतंत्र होऊन पन्नास वर्षं झाली, अन् आमी कोन हे अजून निजामानंच सांगायचं काय?"

बाबाच माझ्यावर खेकसले, "साहेबाले असं बोलतेत काय?" आणि त्यांनी कारकुनापुढे हात जोडले. मला त्या जोडलेल्या हातांचाच जास्त राग आला.

दाखला दीड वर्षाने मिळाला. तोवर प्रवेश हुकला होता आणि मी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागले होते.